रुग्णाचे हक्क व रुग्णाची कर्तव्ये : एक ऐतिहासिक मागोवा

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार प्रसिद्ध आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. या चौघांपैकी औषधदानाची आठवण समाजाला सदैव असते. ठिकठिकाणचे ट्रस्ट दवाखाने चालवितात, नेत्रशिबिरे भरवितात, गरजूंना औषधे देतात. परंतु औषधदानाच्या जोडीला अभयदानही तितकेच आवश्यक आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. औषध मिळाले तरी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या रुग्णाच्या मनातील भय जातेच असे नाही. आपल्याला काय झाले आहे हे डॉक्टरांना विचारावे की नाही, खर्च किती येईल हे आधी विचारले तर राग येईल काय, केसपेपर मागितला तर संशय घेतल्यासारखे दिसेल काय, अशा शंका ग्रामीण भागातील रुग्णाच्या ओठांपर्यंत येतात आणि तेथेच विरून जातात. रुग्णाचे हक्क म्हणजे या भयाचे निवारण होय. आणि रुग्णाची कर्तव्ये म्हणजे त्या निर्भयतेला लागणारी शिस्त होय. ही दोन्ही एकदम अस्तित्वात आली नाहीत. त्यांच्या मागे शतकांची परंपरा आहे, न्यायालयातील दीर्घ झगडे आहेत आणि काही निष्पाप मृत्यूही आहेत. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात मागोवा घेतला आहे.

प्राचीन परंपरेतील रुग्ण

रुग्णाच्या कर्तव्याचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. म्हणजे रुग्ण हा केवळ उपचार घेणारा नसून उपचाराचा चौथा आधार आहे. या चौथ्या पादाचेही चार गुण मानले आहेत. स्मृती, म्हणजे आपल्या आजाराचा क्रम लक्षात ठेवणे. निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याने सांगितलेले पथ्यपाणी पाळणे. अभीरुत्व, म्हणजे न भिणे. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे. आज्ञापालन आणि निर्भयता हे दोन गुण चरकाने एकाच रुग्णाच्या ठायी अपेक्षिले, ही गोष्ट आजही विचार करण्याजोगी आहे.

त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्यविद्येचे शिक्षण घेणाऱ्या शिष्याला द्यावयाचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरात परवानगीने व ओळखीच्या माणसासह प्रवेश करावा, घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, पती अथवा पालकाच्या संमतीवाचून स्त्रीकडून काही स्वीकारू नये, अशी बंधने त्यात आहेत. आजच्या भाषेत ज्याला गोपनीयतेचा हक्क म्हणतात, त्याचे बीज येथे आढळते.

जैन आचार्यांनीही या विषयात मोलाची भर घातली. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे ९ व्या शतकात, आचार्य उग्रादित्य यांनी कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस व मध यांवाचूनही चिकित्सा होऊ शकते, हा त्या ग्रंथाचा विशेष. १९४० मध्ये पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती सोलापूरहून प्रकाशित झाली. रुग्णाच्या श्रद्धेला व व्रताला न दुखावता त्याला बरे करावे, हा विचार एका जैन आचार्याने सुमारे ११०० वर्षांपूर्वी मांडला होता. शिवाय सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याचा, म्हणजे सेवाशुश्रूषेचा समावेश आहे. सेवा हे उपकाराचे काम नसून सेवा करणाऱ्याच्याच आत्मशुद्धीचे साधन आहे, असे तेथे मानले जाते. उपचार घेणाऱ्याने मिंधे व्हावे असा भाव या विचारात कोठेही नाही.

घाटपायथ्याचे कसारा

कसारा हे थळ घाटाच्या पायथ्याचे गाव. १ जानेवारी १८६१ रोजी आसनगावहून कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग आला आणि १ जानेवारी १८६५ रोजी घाट चढून गाडी इगतपुरीला पोहोचली. १ : ३७ इतका तीव्र चढ असल्याने गाडीला मागून जोर देणारी इंजिने कसाऱ्यास जोडली जाऊ लागली. रेल्वे कामगारांची वस्ती झाली, बाजारपेठ वाढली, व्यापारी येऊन स्थायिक झाले. लोहमार्गाच्या बरोबरीने मुंबई-आग्रा महामार्गही येथूनच घाट चढतो. सभोवतालच्या डोंगरपाड्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजाची वस्ती आहे. चातुर्मास संपला की साधु-साध्वींचा पायी विहारही याच मार्गाने होतो.

या भूगोलातून येथील रुग्णांचे स्वरूप ठरते. घाटातील अपघात, धावत्या गाडीतून पडलेले प्रवासी, पावसाळ्यातील सर्पदंश, विंचूदंश, बाळंतपणातील अडचणी आणि पाड्यावरून झोळीत घालून आणलेले आजारी. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठ्या उपचारासाठी सुमारे ३० किलोमीटरवरील शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, तेथून ठाण्याचे सिव्हिल, आणि तेथेही जमले नाही तर मुंबईचे जे. जे. किंवा के. ई. एम., अशी ही पायऱ्यांची वाट आहे. घाट चढून नाशिक गाठणारेही पुष्कळ आहेत. या वाटेवर प्रत्येक पायरीला रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी पडते आणि वेळ निघून जातो. म्हणून कसाऱ्यासारख्या गावाला रुग्णहक्कांचा इतिहास हा केवळ वाचनाचा विषय राहत नाही.

१८९७ : हक्क नसलेला रुग्ण

रुग्णाला कोणताही हक्क नसला म्हणजे काय होते, याचा कटू अनुभव महाराष्ट्राने १८९७ मध्ये घेतला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. त्यान्वये अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, रुग्णाला उचलून नेण्याचे व प्रवाशांना अडवून तपासण्याचे अमर्याद अधिकार मिळाले. मुंबईहून सुटलेल्या गाड्यांतील उतारूंची कल्याणला तपासणी होत असे. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरे व स्वयंपाकघरे यांचाही मुलाहिजा राखला गेला नाही. स्त्रियांच्या तपासणीने लोकांची मने विदीर्ण झाली. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांत झाली, हे सर्वश्रुत आहे.

साथ आटोक्यात आणण्याचा हेतू चुकीचा नव्हता. चूक होती ती रुग्णाला माणूस न मानण्याची. त्याच वर्षी त्याच पुणे परिसरात याच्या अगदी उलट दृश्यही दिसले. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. दंडुक्याच्या धाकाने तपासलेला रुग्ण आणि मायेने खांद्यावर घेतलेला रुग्ण, ही दोन्ही चित्रे एकाच वर्षाची आहेत.

पालशेत ते पुणे : १५ वर्षांचा झगडा

स्वातंत्र्यानंतर, १९४६ च्या भोर समितीच्या अहवालास अनुसरून, १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. उपचार हा सरकारच्या कर्तव्याचा भाग ठरला. परंतु खासगी दवाखान्यात रुग्णाला हानी झाली तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न अनुत्तरितच होता. त्याचे उत्तर एका मराठी कुटुंबाच्या दुःखातून मिळाले.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावाच्या समुद्रकिनारी आनंद नावाच्या सुमारे २० वर्षांच्या तरुणाचा अपघात होऊन डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुढे सुमारे २०० मैलांचा, ११ तासांचा प्रवास टॅक्सीने करून त्याला ९ मे रोजी पुण्याच्या एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्याच रात्री तो मरण पावला. पुरेशी भूल न देता हाड ओढून बसविण्यासाठी अवाजवी जोर वापरला गेला व त्या धक्क्याने मृत्यू आला, असा वडिलांचा आरोप होता. पुण्याच्या न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत अजरामर झाला आहे.

३,००० रुपये ही रक्कम १९६८ मध्येही फार मोठी नव्हती. मोल होते ते न्यायालयाने सांगितलेल्या तत्त्वाचे. रुग्ण समोर आला की डॉक्टरवर तीन प्रकारची काळजी घेण्याचे बंधन येते : हा रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना. यांतील कोणत्याही बाबतीत कसूर झाली तर रुग्ण दाद मागू शकतो. त्याचबरोबर सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नसून वाजवी कौशल्याची व वाजवी काळजीची अपेक्षा आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. डॉक्टर यश देण्यास बांधील नाही, काळजी घेण्यास बांधील आहे. हा भेद समजला तर दवाखान्यांतील अर्धे तंटे मिटतील.

औषधाची खात्री : जे. जे. रुग्णालयाची शोकांतिका

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिल्या गेलेल्या ग्लिसरॉलमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने सखोल चौकशी करून खरेदी, तपासणी व प्रशासन यांतील गैरव्यवहारांवर कठोर ताशेरे ओढले. या प्रकरणात रुग्णांनी डॉक्टरांचे ऐकले होते, पथ्य पाळले होते, त्यांच्याकडून काहीही उणे नव्हते. दिलेला मालच खोटा निघाला. बाजारपेठेत भेसळीचा माल विकणाऱ्याला क्षमा नसते, मग औषधाच्या बाबतीत तर ती असताच कामा नये. औषधाचे पक्के बिल घेणे, वेष्टनावरील मुदतीची तारीख व बॅच क्रमांक पाहणे या गोष्टी आज किरकोळ वाटतात. पण त्यांच्यामागे हे १४ जीव आहेत.

ग्राहक म्हणून रुग्ण

त्याच १९८६ साली केंद्राने ग्राहक संरक्षण कायदा केला. ग्राहकचळवळीचा पाया महाराष्ट्रात आधीच घातला गेला होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तथापि डॉक्टर व रुग्ण यांचे नाते दुकानदार व गिऱ्हाइकाचे म्हणता येईल काय, यावर मोठा वाद झाला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निर्णय दिला, की मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते. ज्या रुग्णालयात सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ते मात्र या कायद्यातून वगळले गेले. परंतु जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात व काहींना मोफत सेवा मिळते, तेथील मोफत रुग्णालाही दाद मागता येते. गरिबाला फुकट उपचार दिले म्हणून निष्काळजीपणा चालेल, असे होत नाही.

आज २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे उपचार मुंबईत किंवा नाशिकला झाले असले तरी कसाऱ्याच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही.

तातडीच्या वेळी दार बंद नको

घाटमार्गावरील गावाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा हक्क तातडीच्या उपचाराचा. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. जवळच्या रुग्णालयाने हा पोलीस केस आहे, आमच्याकडे नको, असे सांगून सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठविले आणि वाटेतच त्याचा अंत झाला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने सांगितले, की जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर होतील.

दुसरा खटला तर कसाऱ्याच्या लोकलच्या प्रवाशांना आपलाच वाटावा असा आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा मजूर गाडीतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याची पाठवणी सुरू झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगितले. अखेरीस त्याला खासगी रुग्णालयात जावे लागले व सुमारे १७,००० रुपये खर्च आला. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला २५,००० रुपये भरपाई देण्यास सांगितले. वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे तत्त्व प्रस्थापित झाले.

जखमीला उचलणाऱ्या वाटसरूलाही पूर्वी पोलीस व कोर्टकचेरीचा धाक असे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली व २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने त्यांना कायद्याचे कवच मिळाले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही सुरू आहे. घाटात अपघात दिसला तर थांबण्यास आता भय राहिले नाही, राहिली असेल तर केवळ सवड नसल्याची सबब.

कागद, संमती आणि दरपत्रक

व्यापाऱ्याला कागदाचे मोल सांगावे लागत नाही. नोंद नसलेला व्यवहार वादात टिकत नाही, हे पेढीवरील नवशिक्या मुनिमालाही ठाऊक असते. रुग्णाला मात्र स्वतःचे कागद मिळविण्यासाठी १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात निर्णय दिला, की रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती देण्यास रुग्णालय नाकारू शकत नाही. नकलांचा वाजवी खर्च तेवढा घेता येतो.

२००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेचे विनियम केले. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती द्याव्यात. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा व चिठ्ठीवर लिहावा. फी उपचाराआधी सांगावी, उपचार चालू झाल्यावर नव्हे. रुग्णाची गुपिते उघड करू नयेत, अशा तरतुदी त्यात आहेत. वैद्यक परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. २०२३ मध्ये आयोगाने नवे विनियम जाहीर केले, पण ते लगेच स्थगित झाले आणि २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले.

संमतीचा अर्थ १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलगडला. तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेसाठीची संमती होत नाही. आजार काय, उपाय काय, त्यातील धोका काय, दुसरा मार्ग आहे काय, हे समजावून दिल्यावर मिळालेली संमती हीच खरी संमती. छापील अर्जावर घाईघाईने उठविलेल्या अंगठ्याला ती योग्यता येत नाही. ज्या पाड्यांवर अद्याप अक्षरओळख अपुरी आहे, तेथील रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगणे हे या निर्णयामागील मर्म आहे.

धर्मादाय संस्थांची जबाबदारी

या इतिहासातील एक प्रकरण ट्रस्टच्या स्मरणिकेत सांगणे अगत्याचे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८५ मध्ये कलम ४१ कक घालण्यात आले. जागा, कर व अन्य सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखाव्यात, असा त्याचा आशय होता. अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. अखेर १७ ऑगस्ट २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना ठरवून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दराने देणे बंधनकारक झाले. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत न मागता त्याला दाखल करून घ्यावे, असेही त्यात आहे.

मुंबई-पुण्याच्या नामांकित धर्मादाय रुग्णालयांची दारे अशा प्रकारे कसाऱ्याच्या मजुरालाही कायद्याने उघडी आहेत. परंतु उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका यांची जुळवाजुळव त्याला ऐन वेळी होत नाही आणि अशी योजना आहे हे पुष्कळदा ठाऊकही नसते. दान देणाऱ्याने दिले, कायद्याने राखून ठेवले, तरी घेणाऱ्यापर्यंत ते पोहोचले नाही तर दानाचा हेतू अपुरा राहतो.

हक्कांची सनद

ठिकठिकाणच्या निकालांत विखुरलेले हे हक्क २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १७ कलमांच्या सनदेत एकत्र गुंफले. माहिती, कागदपत्रे, तातडीचा उपचार, संमती, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला, दरांतील पारदर्शकता, औषधे व तपासण्या कोठून घ्याव्यात याची निवड, बिलाच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे, हे त्यातील ठळक हक्क. महाराष्ट्र शासनाने १४ जानेवारी २०२१ रोजी शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक रुग्णालयात ठळकपणे लावणे खासगी शुश्रूषागृहांना बंधनकारक केले.

सरकारी सेवेकडे लोकांनी लक्ष ठेवावे, ही कल्पना ठाणे जिल्ह्याला नवी नाही. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत ठाणे एक होता. औषध का नव्हते, डॉक्टर का नव्हते, असे प्रश्न गावकरी जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारू लागले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत व रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही माफ झाले आहे.

कर्तव्याची बाजू

हक्कांचा पाढा म्हणताना कर्तव्याचा विसर पडू नये. मानवी हक्क आयोगाच्या सनदेनेही रुग्ण व नातेवाइकांच्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्या चरकाच्या चार गुणांशी जुळतात. आजाराची खरी व पूर्ण हकिगत सांगावी. भगताकडे जाऊन आल्याचे, दुसऱ्या डॉक्टरांचे औषध चालू असल्याचे, व्यसन असल्याचे लपवू नये. पर्युषणातील उपवासांच्या काळात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करू नये. तप करावयाचे तर डॉक्टरांना सांगून करावे. दोन दिवसांत उतार पडला म्हणून क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणारा रुग्ण स्वतःचा व शेजाऱ्याचाही घात करतो. सलाईन किंवा इंजेक्शनचा हट्ट धरू नये. ठरलेली फी वेळेवर द्यावी. जुने कागद जपून न्यावेत.

सर्वांत मोठे कर्तव्य संयमाचे. रुग्ण दगावला की दवाखान्याची मोडतोड करण्याच्या प्रवृत्तीमुळे २०१० मध्ये महाराष्ट्राला वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, साथरोग कायद्यातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाची कलमे घातली गेली. ज्या १८९७ च्या कायद्याने रुग्णाला निराधार केले होते, त्याच कायद्याने सव्वाशे वर्षांनी डॉक्टरांना रुग्णाच्या नातेवाइकांपासून संरक्षण द्यावे लागले, हा काळाचा विलक्षण फेरा होय. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे, की प्रत्येक अपयश हा गुन्हा नसतो. फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो.

आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. दवाखान्यावर दगड पडला की त्या गावात नवा डॉक्टर येण्यास कचरतो. शहरात एक दवाखाना बंद पडला तर शेजारी दुसरा असतो. घाटपायथ्याच्या गावात मात्र रात्री दोन वाजता दार ठोठवावयाचे ते एकच घर असते.

उपसंहार

डॉक्टर व रुग्ण यांच्या नात्यात अनेकान्ताची दृष्टी फार उपकारक ठरेल. रुग्णाला आपल्या वेदनेपलीकडचे दिसत नाही, डॉक्टरला रांगेतील पन्नास रुग्णांपुढे एकाचे भय दिसत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. ते एकमेकांपर्यंत पोहोचविण्याचे काम समाजाने, विशेषतः सेवाभावी संस्थांनी करावयाचे आहे.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. रुग्णहक्क व कर्तव्ये यांचा मोठ्या अक्षरांतील मराठी फलक, कागद जपण्यासाठी प्रत्येक रुग्णाला एक साधी फाईल, धर्मादाय योजनेचे अर्ज भरून देणारा व उत्पन्नाच्या दाखल्याची वाट दाखविणारा एखादा सेवाभावी कार्यकर्ता, आणि पाड्यावरील माणसाबरोबर ठाण्या-मुंबईच्या रुग्णालयापर्यंत जाणारी सोबत, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. ५० वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही ट्रस्टला पुढील वाटचालीसाठी याहून उचित संकल्प क्वचितच सापडेल. असे झाले म्हणजे औषधदानाला अभयदानाची जोड मिळेल आणि चरकाने रुग्णाच्या ठायी अपेक्षिलेली निर्भयता डोंगरपाड्यावरील शेवटच्या रुग्णाच्याही वाट्याला येईल.

सर्वे सन्तु निरामयाः ।